माझे हरवलेले वीस सेंटिमीटर

मी शाळेची मोजफीत बोलतेय. एका गुजराती शहरात, दांडिया बाजारातल्या एका मराठी शाळेत, खेळाच्या कपाटात माझा मुक्काम. लांबी तीस मीटर, असं माझ्या डबीवर छापलंय. ते आता खरं नाही, आणि गेली दोन वर्षं मला त्याचाच घोर लागलाय.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पुरती तीस मीटर होते. एकदा घाईत कपाटाचं दार लागलं आणि माझं टोक त्यात सापडून तुटलं. शिपाई बाळकृष्णमामांनी तुटका तुकडा टाकून दिला आणि टोकाची पितळी कडी वीसच्या खुणेवर दाभणानं शिवली. "झाली धडधाकट," म्हणाले. त्यांनी मायेनंच केलं. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक अंतर वीस सेंटिमीटर जास्त सांगू लागले. कडी धरणाऱ्याच्या मुठीत माझी सुरुवात झाकली जायची आणि बाकीचे दुसऱ्या टोकाचा आकडा वाचायचे.

मग आली संयोगिता मोहिते. आठवीतली, किरकोळ अंगाची, पण धावत आली की जमीन सोडायची. शाळेच्या निवडीत तिची लांब उडी मी चार मीटर पाच सेंटिमीटर दाखवली. खेळाचे प्रतापसिंह सर हरखून गेले. तिला फतेगंजच्या मैदानावर स्पर्धेला नेलं. तिथे दुसरी फीत होती. तिची सगळ्यात चांगली उडी भरली तीन पंच्याऐंशी.

"गर्दी बघून घाबरलीस तू," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "भित्र्या पोरींवर मी वेळ घालवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. मी कपाटात गुंडाळलेली. ओरडावंसं वाटे, पण फितीला कुठून आवाज!

पाच महिने असे गेले. जानेवारीत गणिताच्या निरुपमाबाईंनी संयोगिताच्या वर्गाला पाद्रा गावाजवळच्या एका शेतावर न्यायचं ठरवलं. सोबतीला प्रतापसिंह सर, आणि मोजमापाला मी. बसच्या प्रत्येक धक्क्याबरोबर माझा जीव वरखाली होत होता.

शेताचे मालक रावजीकाका. "आवो, आवो!" असं गुजरातीत म्हणत त्यांनी मुलांना वांग्यांच्या वाफ्यांत सोडलं. कुणी बाटलीतल्या पाण्यात माती ढवळून वाळू तळाशी बसताना बघत होतं, कुणी पिकांची गुजराती आणि मराठी नावं शेजारी शेजारी लिहीत होतं. बाईंनी ठिबकची नळी दाखवली. "हिला दर चाळीस सेंटिमीटरवर भोक आहे. पहिल्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंतचं अंतर आधी हिशोबानं काढा, मग मोजून पडताळा."

कडी संयोगितानं धरली, तिच्या वर्गातल्या ध्रुवनं आकडा वाचला.

"साठ अंतरं, म्हणजे चोवीस मीटर. पण फीत चोवीस वीस म्हणतेय, बाई."

"नळीच चुकीची असेल," कुणीतरी म्हणालं.

"नळी खोटी नथी, बेटा," रावजीकाका हसले. "मशिनात पाडलेली भोकं आहेत."

मुलांनी एका आखूड वाफ्यातली नळी मोजली. भोकांच्या हिशोबानं दहा मीटर हवे होते, मी दहा वीस सांगितलं.

"फीत ताणली गेली असती तर लांब वाफ्यात जास्त चुकली असती," संयोगिता हळूच म्हणाली. "दोन्हीकडे वीसच कसे?"

तिनं मूठ उघडली. कडीला लागून पहिला आकडा होता एकवीस.

तिनं माझ्या शिवणीवरून बोट फिरवलं. 

"सर, आमच्या निवडीला हीच फीत होती ना?"

प्रतापसिंह सरांनी मला हातात घेतलं. शिवण पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"हीच होती."

"मी घाबरले नव्हते, सर."

सर म्हणाले, "नव्हतीस. मी न बघता बोललो. चूक माझी आहे, पोरी."

तिनं चपला काढल्या, नांगरलेल्या तुकड्याकडे गेली, मागे सरकली आणि धावत येऊन झेपावली. सरांनी नळी अंथरून भोकं मोजली. जेमतेम साडेआठ अंतरं. तीन चाळीस! पाच महिने वाया गेले होते, ते मातीत दिसत होते.

संयोगितानं गुडघे झटकले. "पुन्हा मारते," म्हणाली.

आता ती रोज मैदानावर असते. तिथे नवी फीत आहे. मला बाईंनी गणिताच्या खोलीत ठेवलंय. पण स्वस्थता नाही. माझ्या भरवशावर आणखी किती मुलं मोजली गेली, ती आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच करा. आपल्या उडीतून वीस सेंटिमीटर वजा करा. आणि त्या वीस सेंटिमीटरांपायी कुणाची बोलणी खाल्ली असतील, तर तीही.