सोमवारची गाडी

ट्रकतळावर सगळे त्याला भोवरा म्हणत, आणि ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला बक्षीसच द्यायला हवं. कंपनीची नोकरी सोडून स्वतःचा ट्रक घेतल्यापासून गडी नुसता गरगरत होता. माल उतरवला की त्याला एकच घोर लागायचा. आता गाडी रिकामी चालवायची? रिकामा ट्रक म्हणजे भर बाजारातून अनवाणी चालल्यासारखं वाटायचं त्याला. मग दलालाचा फोन येईल ती दिशा. सिमेंट घेऊन एकीकडे, तिथून प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आणखी पुढे, तिथून कोंबड्यांचं खाद्य घेऊन भलतीकडेच. घर मागे राहायचं आणि कमाई डिझेल-टायरात विरघळून जायची.

ट्रक दोघांच्या नावावर होता, त्याच्या आणि बायकोच्या. बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. बऱ्याच दिवसांनी तो घरी आला, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि सरळ सांगितलं.

"ट्रक विकू या. एकजण सोमवारी बघायला येतोय. तुम्ही परत पगारावर लागा."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. या ट्रकवर त्याचा जीव होता. लोक पोरांवर करतात तेवढी माया तो त्याच्यावर करायचा.

"दुसरं काहीच नाही का?"

"आहे. धंद्याचा आराखडा करा. एका पानात मावेल एवढा."

"आराखडा इमारतीचा असतो. ट्रकला चाकं असतात."

"म्हणून तर कुठे जायचं ते आधी ठरवावं लागतं."

तिने कपडे बेतायचा खाकी कागद पसरला आणि पेन्सिल त्याच्या हातात कोंबली. तुमचं गिऱ्हाईक कोण? जो फोन करेल तो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. कुठलं काम घेणार नाही? यावर तो हसलाच.

"आलेल्या कामाला कुणी नाही म्हणतं का?"

"मी म्हणते. चामड्याच्या जाकिटाला हातच लावत नाही, सुया मोडतात. बरं, पुढचं. येत्या सोमवारी तुम्ही कुठे असाल?"

त्याला माहीतच नव्हतं. त्याला राग आला तो याचाच, कारण हाच प्रश्न त्याला आधीही कुणीतरी विचारला होता. कपाटांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंना दर सोमवारी एक ट्रक हवा होता. कपाटं शेजारच्या शहरातल्या गोदामात पोचवायची, दुसऱ्या दिवशी तिथून लाकडी फळ्या भरून परत यायचं. सोमवारचं आत्तापासून कोण सांगणार, म्हणून याने ते काम हसण्यावारी नेलं होतं. शहाणाच म्हणायचा!

आता त्याने मान खाली घालून त्यांना फोन केला. बाई म्हणाल्या, "या सोमवारी सकाळी फाटकावर या. आलात तर बोलू."

मध्ये फरशांचा एक माल कबूल केलेला होता. तो लांबच्या शहरात रविवारी सकाळी उतरवला, आणि हात धुतो न धुतो तोच दलालाचा फोन.

"भाऊ, नशीब काढलंस. आणखी पुढचा माल आहे, दुप्पट भाडं. लगेच निघ."

हो म्हणायची सवय जिभेला इतकी, की 'नको' म्हणताना ती अडखळली.

"नको? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"उद्या मला काम आहे."

"म्हणजे रिकामा जाणार?"

"हो, रिकामा."

रिकामा ट्रक खड्ड्याखड्ड्यात उसळत होता, मागचं फळकूट खडखडत होतं, आणि सारा रस्ता आपल्याला हसतोय असं त्याला वाटत होतं. बाईंनी ऐनवेळी दुसरा ट्रक बोलावला तर? भाडंही गेलं, ट्रकही गेला. तरी वाटेत त्याने दलालाचा फोन उचलला नाही.

सोमवारी सकाळी तो फाटकावर उभा होता. बाई आल्या, ट्रकभोवती एक फेरी मारून त्यांनी टायर पाहिले.

"हो म्हणणारे बरेच होते. आलात तुम्ही एकटेच. पुढच्या सोमवारीही याल?"

"येईन," तो म्हणाला. किती दिवसांनी तो एखाद्या दिवसाबद्दल खात्रीने बोलला होता! त्याला एवढा आनंद झाला की तो उगाचच आणखी दोनदा म्हणाला, "येईन, येईन."

माणसं गोधड्यांत गुंडाळलेली कपाटं चढवू लागली, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"तो माणूस ट्रक बघायला आलाय. दारात उभा आहे. काय सांगू?"

"सांग, सोमवारी ट्रकला सवड नसते."

तिने तिकडे तसं सांगितलं आणि ती परत फोनवर आली. "म्हणतो, उद्या येऊ का?"

"उद्या परतीच्या फळ्या भरायच्या आहेत."

मग फोन कानाला तसाच ठेवून ती दारातल्या माणसाला म्हणाली, फोनवर नवऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "ट्रक विकायचा नाहीये."