जाळ्याला आडवं

रंभा कोळीण हट्टाला पेटली की पेटली. अर्नाळ्याच्या किल्ल्यामागच्या पाण्यात ती सकाळपासून तळाशी गेलेलं जाळं शोधत होती. काल सांजेला तिनेच लावलेलं. रात्रीत कुठल्या मेल्या ट्रॉलरने दोन्ही टोकांचे, खुणेसाठी वर तरंगणारे बोये कापून नेले. घरात जाळं हे एवढंच. नवरा गेल्यापासून धाकटा दीर नथू सारखं टुमणं लावायचा, "वयनी, होडी विका." आज तर गिऱ्हाईकच ठरवून आला, संध्याकाळी येणार म्हणे. तिने त्याला शब्दात पकडलं, जाळं सापडलं तर होडी राहील. वर त्यालाच होडीच्या मशीनवर बसवलं.

खूण पक्की होती. किल्ल्याच्या बुरुजामागे गावातली पाण्याची टाकी बरोबर लपली की आपण जाळ्याच्या रेघेवर. त्या रेघेने होडी जायची, यायची, मागे दोरीला बांधलेला लोखंडी आकडा तळ खरवडत यायचा. चिखल आला, प्लास्टिक आलं, एक चप्पल आली. जाळं काही लागेना.

"वयनी, पानी फिरायला लागलं. पुरे आता."

"गुमान मशीन चालवा, भावजी!"

ओरडली खरी, पण होडी गेली तर उद्यापासून दुसऱ्याची कोळंबी सोलायची, या विचाराने तिला रडूच फुटायचं बाकी होतं. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने पायाशी पडलेला जुन्या जाळ्याचा फाटका तुकडा उचलला नि सवयीने गाठ मारायला घेतली. एक दोरा ओढला, त्यावर दुसरा आडवा घातला. आणि हात थांबला.

"अगं बाई माझे!" तिने कपाळावर हात मारला. "भावजी, आपन गाढव आहोत."

"आता मी काय केलं?"

"जाळं आपन कसं सोडतो? पान्याच्या ओढीला आडवं. म्हंजे याच रेघेत. नि आकडापन याच रेघेत ओढतोय! पाच हात बाजूला राहिलो तर अरबस्तानापर्यंत गेलो तरी भेट नाही. होडी आडवी घाला."

"खूण सोडून? खूण सोडून कोन जातं का?"

"मी जाते. टाकी बुरुजाच्या डावीकडे दिसू दे, तिथून उजवीकडे दिसेपर्यंत चला. मधे जाळं भेटायलाच पाहिजे, जाईल कुठे?"

नथू पुटपुटला, पण होडी वळली. टाकी आधी बुरुजाच्या डावीकडे दिसली, मग हळूहळू बुरुजाआड जाऊ लागली. जेमतेम लपली आणि दोरीला असा हिसका बसला की रंभा गुडघ्यावर आपटली.

"धरा!" ती किंचाळली.

दोघांनी ओढलं. आकड्यामागून जाळं वर आलं, भरलेलं, पापलेटं अजून तडफडत होती. रंभा रडली, हसली, पदराने नाक पुसलं.

नथू खाली मान घालून म्हणाला, "गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हनतो."

"कशाला?" रंभा म्हणाली. "येऊ दे की. ताजं पापलेट घेऊन जाईल."