स्वतःच्याच भूमिकेत नापास

सासूबाई स्वतःच्याच भूमिकेसाठी नापास झाल्या. पण असं काही घडलंच नाही, असं घरात ठरलेलं असल्यामुळे आपणही ते विसरू या.

तर, सून वस्तीच्या कलाकेंद्राची प्रमुख. मुलांच्या मैदानावर राडारोडा ओतायला आलेल्या ट्रकसमोर सासूबाई एकदा एकट्या उभ्या राहिल्या होत्या, त्यावर तिने नाटक बसवायला घेतलं. पहिल्या प्रयोगाला अनुदान देणारं खातं येणार होतं. प्रयोग पडला तर केंद्राला कुलूप. म्हणून सासूबाईंच्या भूमिकेसाठी रीतसर चाचणी झाली, आणि तीत एक व्यावसायिक नटी सासूबाईंपेक्षा जास्त सासूबाई वाटली. शेरा सुनेचाच होता: 'वेदना कमी पडते.'

तेव्हापासून सासूबाई सुनेशी मुलामार्फत बोलत. "तुझ्या बायकोला सांग, मीठ संपलंय." मुलगा दोघींच्या मधे भिंतीसारखा उभा राही आणि भिंतीइतकंच बोले. नाटकाचे कपडे मात्र सासूबाईंनीच शिवले, कारण गल्लीत शिंपीण त्याच. नटीचं पोलकं त्यांनी असं बेतलं, की हुंदका आला रे आला की बटण उडावं.

रंगीत तालमीला तीन बटणं गेली. पुठ्ठ्याच्या ट्रकपुढे नटी गडाबडा लोळत रडत होती. पहिल्या रांगेत सुईदोरा घेऊन बसलेल्या सासूबाई उठल्या, रंगमंचावर चढल्या आणि ट्रकसमोर उभ्या राहिल्या.

"मागे घे."

ट्रकच्या आतले दोघे नट असे मागे सरले, की ट्रकसकट विंगेत आडवे झाले!

"आई, तालीम चाललीये," सून ओरडली.

आता सासूबाई थेट तिच्याशी बोलल्या. "मला वेदना नव्हती गं झाली. राग आला होता. मी रडले म्हणून कोणी सांगितलं तुला? एका घरात राहतो आपण, विचारलंस कधी? ते मैदान न विचारता घ्यायला आले, आणि तू गोष्ट न विचारता घेतलीस. फरक एवढाच, की तुझा ट्रक पुठ्ठ्याचा."

कुलूप लागलं ते संहितेतल्या रडण्याला. ते सगळं सुनेने स्वतःच्या हाताने खोडलं, भूमिका सासूबाईंना दिली. नटीकडे ट्रक दिला. ती तो फार छान चालवते. प्रयोग उभा राहिला, केंद्रही.

नागरिकहो, लोकांची गोष्ट सांगायची असेल, तर आधी लोकांचं दार वाजवा. ते दार आपल्याच घरातलं असलं, तर जरा जोरात वाजवा.

राग मात्र अजून उतरलेला नाही. सुनेने पातेल्याला हात लावला, की सासूबाई म्हणतात, "मागे घे." शेवटी सुनेने खात्याकडे अर्ज धाडला आहे: 'सदर नाटकाचा प्रयोग केंद्रप्रमुखांच्या स्वयंपाकघरात दररोज विनापरवाना सुरू असून, तो आपल्या स्तरावरून तात्काळ बंद करण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'