निरुपयोगी धातूचे तुकडे, नग त्रेचाळीस

आमच्या ह्यांचं प्रमोशन माझ्यामुळे झालं. गेल्या पाच वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आज सांगतेय तेही मिरवायला नाही. लोक विचारतात, गुप्तेसाहेब काय म्हणून रिटायर झाले? मी सांगते, डेप्युटी सेक्रेटरी. लोक म्हणतात, वा. मी चहा ठेवायला आत जाते.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहायचो, सरकारी क्वार्टरमध्ये. दिल्लीत आम्हाला सगळे गुप्ताजीच म्हणायचे, आम्हीही गुप्ते म्हणून सांगायचं सोडून दिलं होतं. ह्यांना, म्हणजे सूर्यकांतना, इतिहासाचं वेड कॉलेजपासूनचं. घरच्यांनी अर्थशास्त्र घ्यायला लावलं, पुढे परीक्षा देऊन दिल्लीत आले आणि जन्मभर दुसऱ्यांच्या नोटिंगवर नोटिंग करत बसले. ब्याण्णव साली ह्यांचा मित्र हरीश मँचेस्टरहून आला, त्यानं खिशातून एक पुडी काढली. आत मातीचे पंधरा-वीस गोळे. मला वाटलं, कसली तरी औषधी मुळं असतील. तर म्हणे रोमन नाणी आहेत, सतराशे वर्षांपूर्वीची. तिकडे शेतात नांगर लावला की निघतात. साफ केलेली महाग पडतात, मातीसकट घेतली तर ओंजळभर नाणी एका जेवणाच्या खर्चात येतात. आत काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. पुढे दर खेपेला तो आणखी एक पुडी आणायचा.

झालं! त्या दिवसापासून माझ्या जॅमच्या बाटल्या गेल्या. प्रत्येक बाटलीत दोन-दोन नाणी, वर पाणी. नळाचं चालत नाही, त्यात क्षार असतात. म्हणून गाडीच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी सरोजिनी नगरच्या बॅटरीवाल्याकडून आणायचं. स्वतःची स्कूटर धक्का मारल्याशिवाय चालू होत नव्हती आणि हा माणूस बॅटरीचं पाणी कॅनने आणत होता. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं. मग महिनोन् महिने ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायची. ते तेल तेव्हा किराण्यात मिळायचं नाही, केमिस्टकडे बाळांच्या मालिशसाठी छोट्या डब्यात मिळायचं. केमिस्ट एकदा मला म्हणाला, भाभीजी, मुबारक हो, पोता हुआ क्या? आमचा सुधन्वा तेव्हा इंजिनिअरिंगला होता. काय सांगणार, कप्पाळ?

तेलानं माती सैल झाली की कोरायचं. बांबूच्या काड्या, जुना टूथब्रश, पेन्सिलीच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेली सुई आणि घड्याळजीकडून आणलेलं डोळ्याला लावायचं भिंग. एवढीच सगळी सामग्री. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, चिंच लावा की, दोन मिनिटांत लखलखीत होतील. तर असे दचकले, जसं काही मी त्यांच्या आईला विहिरीत ढकला म्हणाले. मग शांतपणे समजावून सांगितलं. तांब्यावर शेकडो वर्षांत जी हिरवट-काळपट कातडी चढते, चेहरा त्या कातडीतच असतो. चिंच लावली की कातडी गेली, आणि खाली नुसतं तांबं राहतं. घाई केली की माणूस जातो, असं म्हणायचे. ऑफिसात कुणी ह्यांचं एक वाक्य ऐकून घेत नव्हतं, पण त्या काड्या हातात आल्या की हे छान बोलायचे.

एके दिवशी एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, तुझा हात हलका आहे, हे तू कर. मी म्हटलं, मला धंदे नाहीत का दुसरे? पण घेतलं. थंडीत कॉलनीतल्या बायका दुपारी लॉनवर उन्हात बसायच्या. कुणी स्वेटर विणतेय, कुणी मटार सोलतेय, आणि मी मांडीवर रुमाल पसरून नाणं कोरतेय. शेजारची मल्होत्रीण म्हणायची, भाभीजी, ये क्या मैल निकाल रही हो! मी हसायचे. एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा आला. आधी एक केसांची वेणी दिसली. मग कान. मग एक दिवस नाक आलं, आणि मी लॉनवरून उठून घरी पळत गेले. हे ऑफिसात होते. मी ऑफिसात फोन केला. पूर्ण संसारात मी ह्यांना ऑफिसात चार वेळा फोन केला असेल, त्यातला हा एक. म्हटलं, अहो, बाई आहे, बाई निघाली.

ती कोण हे वृंदानं सांगितलं. वृंदा ह्यांच्या मामेभावाची मुलगी, सांगलीची. जेएनयूत प्राचीन इतिहास शिकायची आणि मुनिरक्यात खोली घेऊन राहायची. रविवारी आमच्याकडे आमटीभात खायला यायची. तिनं भिंग लावून अक्षरं वाचली. म्हणाली, काकू, ही हेलेना, मोठ्या बादशहाची आई. नवऱ्यानं वरची जागा मिळवायला हिला सोडून दिलं आणि मोठ्या घरच्या मुलीशी लग्न केलं. पुढे मुलगा गादीवर आला, त्यानं आईचा चेहरा नाण्यावर घातला. आणि इतकं स्वच्छ निघालेलं नाणं तिनं म्युझियममध्येसुद्धा कमी पाहिलंय म्हणे. हे माझ्याकडे असे बघत होते की मला वृंदासमोर लाजल्यासारखं झालं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, यार!

आता मुद्द्यावर येते.

पंच्याण्णव साली ऑफिसात सर्क्युलर फिरलं. परदेशातून कुणी काही भेट दिली असेल तर लेखी कळवा. सगळ्या मजल्यानं एका शब्दात लिहून दिलं, निरंक, म्हणजे काही नाही. त्यात अशी माणसं होती की ज्यांच्या घरी बाहेरून आलेले टीव्ही होते, व्हीसीआर होते, एकाच्या घरी तर कपडे धुवायचं मशीन होतं. निरंक! आणि आमच्या ह्यांनी? ह्यांनी सात पानी यादी दिली. प्राचीन रोमन नाणी, नग त्रेचाळीस. भेट देणारा, मित्र. किंमत, निश्चित सांगता येत नाही. मग प्रत्येक नाण्याचं वर्णन, वजन, कुठला राजा. सतराव्या नंबरवर लिहिलं होतं, हेलेना, चेहरा अत्यंत सुस्पष्ट, माझ्या पत्नीने स्वच्छ केलेले. मला घरी वाचून दाखवलं. मी म्हटलं, हे द्यायची गरज आहे का? म्हणाले, नियम आहे. खरं सांगू, मला सतरावा नंबर ऐकून बरं वाटलं होतं, म्हणून मी पुढे बोलले नाही.

प्राचीन हा शब्द आणि किंमत सांगता येत नाही हे वाक्य, एवढं पुरलं. यादी व्हिजिलन्सकडे, म्हणजे भ्रष्टाचार शोधणाऱ्यांकडे, गेली. परदेशी मित्र कोण, तो हे का देतो, बदल्यात काय घेतो, नाणी देशात आणली कशी, आणि पत्नीने स्वच्छ केली म्हणजे नेमकं काय केलं. मलासुद्धा प्रश्नावली आली. मी हसले, हे हसले नाहीत. नाणी पाकिटात सील करून ऑफिसच्या कपाटात गेली. बाटल्या रिकाम्या झाल्या, मी धुऊन ठेवल्या. आणि प्रमोशनची यादी निघाली तेव्हा ह्यांचं नाव बंद लिफाफ्यात गेलं. चौकशी संपेपर्यंत लिफाफा उघडत नाहीत.

दोन वर्षं! ह्यांच्या हाताखालचे वर गेले. कॉलनीत बातमी पसरली की गुप्ताजींना खजिना मिळाला. मल्होत्रीण मला विचारते, भाभी, सोना था क्या? सुधन्वाला तोवर मानेसरला कारचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. त्याच्यासाठी एक स्थळ चालून आलं, मुलीचे वडील आमच्याच मंत्रालयातले. त्यांनी दोन आठवड्यांनी कळवलं की पत्रिका जमत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं ऑफिसची एक पेन्सिल घरी न आणलेल्या माणसाला चोर म्हणायचं, आणि तेही निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना? हा डाग घेऊन हे घरी बसले असते तर मी जन्मभर लोकांना काय सांगितलं असतं? मला तो डाग पुसून हवा होता. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मार्ग विलासनं आणला. विलास ह्यांच्याच ऑफिसात, नागपूरचा, चांगला मुलगा. म्हणाला, वहिनी, सगळ्यांना ही फाईल बंदच करायची आहे, पण बंद करायला कागद लागतो. साहेबांनी एवढं लिहून द्यावं की सदर वस्तू हे निरुपयोगी धातूचे तुकडे आहेत, त्यांना कसलंही ऐतिहासिक मूल्य नाही, अज्ञानामुळे मी त्यांना प्राचीन म्हटलं. वस्तूच नाही तर केस कसली? महिन्याभरात लिफाफा उघडेल.

मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, पण हे खोटं आहे.

मी म्हटलं, अहो, कुणाचं नुकसान होतंय त्यात? म्हणाले, मी सात पानं खरी लिहिली आहेत, आता एक पान खोटं कसं लिहू? तीन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले. एक ओळ लिहायचे, फाडायचे. सुधन्वा कंपनीच्या बसने दमून यायचा, तो म्हणाला, बाबा, एक सही आहे यार, बिल्कुल फॉर्मॅलिटी आहे. चौथ्या दिवशी मी तो कागद ओढला आणि स्वतः लिहिलं. मराठी शाळेत शुद्धलेखनाला पहिली यायचे मी. निरुपयोगी, मूल्य नाही, अज्ञानामुळे, सगळं बरोबर लिहिलं. ह्यांनी वाचलं आणि विचारलं, "सतरावा नंबर वगळू का?"

"वगळलात तर पुन्हा प्रश्न येतील," मी म्हटलं. "त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस."

ते नाणं माझं होतं, मी वगळा म्हटलं असतं तर त्यांनी ते वगळलं असतं आणि केस तिथंच अडली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पेन पुढे केलं. त्यांनी इंग्रजीत भाषांतर करून टाईप करून घेतलं आणि सही केली.

महिन्याभरात नाही, पण दोन महिन्यांत लिफाफा उघडला. मी कॉलनीत पेढे वाटले. मल्होत्रिणीला चार जास्त दिले. नाणी परत आली, पाकिटावर शिक्का होता, निरुपयोगी धातूचे तुकडे, नग त्रेचाळीस. मी पाकीट ह्यांच्यासमोर ठेवलं, सगळ्या बाटल्यांत पाणीसुद्धा भरून ठेवलं होतं. ह्यांनी पाकीट न उघडता ट्रंकेत टाकलं. मला वाटलं, आज मूड नाही. मग वाटलं, प्रमोशनमुळे काम वाढलंय. मग वर्ष गेलं, हे रिटायर झाले, क्वार्टर सोडला आणि आम्ही सुधन्वाच्या गुडगावच्या फ्लॅटमध्ये आलो. अकरावा मजला, खाली अजून सिमेंटचे ढीग, लॉन असा नाहीच. हे दिवसभर टीव्हीवरचे शेअरचे आकडे बघतात. एक शेअर नाही ह्यांच्याकडे. मी दोनदा म्हटलं, ऑलिव्ह तेल आता खालच्या दुकानात मोठ्या बाटलीत मिळतं. हे हं म्हणाले. माझ्याशी भांडले असते तरी चाललं असतं. कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही, जेवण चांगलं झालं की चांगलं झालं म्हणतात. मी हे सहन करतेय, कुणाला वाटेल हिला काय कमी आहे.

गेल्या महिन्यात वृंदा आली. आता ती कॉलेजात शिकवते. तिच्या विभागात छोटं प्रदर्शन आहे, त्यात हेलेनाचं नाणं आठ दिवस ठेवायचं म्हणत होती. खाली पाटी लावणार होती, नाणं स्वच्छ करणाऱ्या, अहिल्या गुप्ते. मला म्हणाली, काकू, तुमचं नाव छापून येईल. मी ट्रंक उघडायला उठलेसुद्धा.

"त्यात नाणी नाहीत," हे टीव्हीकडे बघत म्हणाले. "धातूचे तुकडे आहेत."

वृंदाला वाटलं, काका थट्टा करताहेत. ती हसली. म्हणाली, काका, मी स्वतः वाचलंय नाव, मला काय सांगता?

ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. रागावले नव्हते, अगदी ऑफिसात बोलायचे तसे बोलले. "सरकारला लेखी दिलंय मी, कसलंही मूल्य नाही म्हणून. आता आहे म्हणालो तर तेव्हा खोटं लिहिलं असं होईल. हिला विचार. मसुदा हिचा आहे, मी नुसती सही केली."

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.