तरंगत्या गांडुळाची नेमणूक

मी तरंगतं गांडूळ बोलतोय. दचकू नका, मी प्लॅस्टिकचा आहे. लांबी वीतभर, रंग पिकल्या जांभळाचा, अंगाला बडीशेपेचा वास. हा वास माशाला आवडतो असं माझ्या कारखानदाराचं मत. माशाचं मत कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

माझा जन्म साच्यातला. गरम, पातळ प्लॅस्टिक ओतताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडले होते, आणि तेवढ्या हवेवर माझा स्वभाव कायमचा ठरला. मला पाण्यात टाका, मी वरच राहणार. त्याच कारखान्यात आमची एक जड जात होती. तिच्या अंगात मीठ भरलेलं, त्यामुळे ती थेट तळ गाठायची. आमच्या पाकिटावर बास नावाच्या परदेशी माशाचं चित्र होतं. निळ्याशार पाण्यातून उडी मारताना त्याने जबडा टोपलीएवढा उघडला होता. आपण त्या पाण्यात जाणार असं मला वाटत होतं. मी परळी वैजनाथला आलो.

परळीत बंकटचं दोर, जाळी आणि ताडपत्रीचं दुकान. वीज केंद्राची राख तिथे येऊन मालावर बसायची, बंकट सकाळी ती झटकायचा, दुपारी ती परत यायची. दोन वर्षं मी हा उद्योग पाहिला. गिऱ्हाईक मात्र आलं नाही, कारण पाऊसच आला नव्हता. तळी आटलेली, मग गळ कोण घेणार?

आणि त्याच दुष्काळाने मला नोकरी दिली.

दिंद्रुडच्या पलीकडे एका गावाचा पाझर तलाव आटून डबक्याएवढा राहिला होता. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने होता. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव. गावात कोणतीही संस्था निघो, अध्यक्ष अर्जुनराव, हे विहिरीला पाणी लागण्यापेक्षा नक्की असे. माणूस माळकरी, मासा त्याने कधी चाखला नव्हता. पण त्यामुळे कारभारात अडचण आली असं इतिवृत्तात कुठे नोंदलेलं नाही.

वरून पत्र आलं : शुक्रवारी साहेब तपासणीला येतील, तलावात मासा असल्याचं प्रत्यक्ष दिसलं तरच ठेका चालू राहील, नाहीतर उरलेलं पाणी उपसायला दिलं जाईल.

अर्जुनरावांना याची फार फिकीर नव्हती, त्यांच्याकडे अजून सहा संस्था होत्या. फिकीर होती धुळाजीला. साठी उलटलेला हा माणूस तलावाची राखण करायचा आणि मासे धरून विकायचा. ठेका गेला की त्याला भामाबाईसह ऊसतोडीला जावं लागणार होतं. नवराबायको मिळून एक कोयता, अशी ती भरती. बिभीषण मुकादम विचारून गेला होता, शनिवारी जबाब पाहिजे म्हणून. भामाबाईची कंबर मागच्याच हंगामात गेली होती. ती नवऱ्याला म्हणाली होती, “जायचं तर जाऊ. पर मोळी उचलाया तुमी मला आदी उचला.”

डबक्यात एक मोठी मरळ आहे हे धुळाजीला माहीत होतं. मरळ हवा घ्यायला वर येते, तशी ती येताना त्याने पाहिली होती. एकच. पण जाळं टाकावं तर तळाला वेड्या बाभळीचे काटे. जाळ्याची चाळण झाली. गळाला लावायला बेडूक पाहावे तर ते चिखलात खोल गेलेले. गांडुळासाठी त्याने तीन ठिकाणी कुदळ मारली, कुदळीचाच दांडा मोडला. शेवटी कुणीतरी सांगितलं, परळीत प्लॅस्टिकचं मिळतं.

खरेदी समिती आली. अर्जुनराव, सचिव त्रिंबक आणि तज्ज्ञ म्हणून धुळाजी. बंकटने दोन्ही जाती पुढे ठेवल्या आणि प्यायला पाणी दिलं. धुळाजीने चित्रातला मासा पाहून हा आपल्या मरळीचा साडू दिसतोय असा शेरा मारला, आणि दोन्ही गांडुळं पाण्यात टाकून पाहू म्हणून पेल्याकडे हात नेला. तोवर अर्जुनरावांनी पेला रिकामा केला होता. त्या साली दुसरा पेला कोणी मागत नसे.

मग अर्जुनरावांनी आम्हाला तळहातावर तोललं. एका हातात मीठवाला, दुसऱ्या हातात मी.

“काय बे बंकट, ह्यात काय दमच न्हाई. हलका माल संस्थेच्या गळ्यात मारतूस व्हय?”

“अण्णा,” धुळाजी म्हणाला, “खाली चिकल हाय, काटे हायत. जड हाय ते रुतून बसल. वर ऱ्हाणारं घ्या.”

“एकाच भावात जड मिळायलंय, तर हलकं कावून घ्यायचं?”

त्रिंबकने अध्यक्षांना अनुमोदन दिलं. दोन विरुद्ध एक मतांनी वीस जड गांडुळं खरेदी झाली. धुळाजीचं तोंड पाहून बंकटने मला वरकड म्हणून फुकट दिलं. माझी नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. धुळाजीने मला पटक्याच्या घडीत खोचलं.

गुरुवारी सरावात चौदा जड गांडुळं चिखलात गेली. अर्जुनरावांनी हे सुरुवातीचे दिवस आहेत असं सांगितलं.

शुक्रवारी जीप आली. साहेब काठावर रुमाल धरून उभे राहिले. त्यांच्यासमोर त्रिंबकने स्वतः पाच गांडुळं टाकली आणि पाची बाभळीला अर्पण केली. सहावं टाकताना तो स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतला, त्याला ओढायला ड्रायव्हर लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

धुळाजीने कोणाला न विचारता मला पटक्यातून काढलं, गळाला लावलं आणि फेकलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यावर पडलो. काटे माझ्याखाली राहिले. धुळाजी दोरी जराशी ओढायचा, थांबायचा, परत ओढायचा. मी शेपटी हलवत निघालो. मग खालून एक सावली वर आली, पाण्याला खड्डा पडला आणि माझं अर्धं अंग गेलं.

मरळ काठावर आली तेव्हा धुळाजीच्या कोपरापासून बोटापर्यंत भरली. साहेब खूश झाले. “मासे आढळले,” असं त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. अर्जुनरावांनी तोंड फिरवून, मरळ साहेबांना पाहुणचार म्हणून द्यायला, ड्रायव्हरला जीपमधलं पोतं उघडायला सांगितलं. पोतं उघडलं गेलं. साहेब नको म्हणाले नाहीत.

धुळाजी मरळ छातीशी धरून उभा होता.

“सायब,” तो हळूच म्हणाला, “एवडी एकच हाय. ही जीपमदी गेली तर तुमचा कागद खोटा पडतो.”

साहेबांनी मरळीकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं. शिक्का ओला होता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पोतं मिटलं.

मरळ परत पाण्यात गेली, माझी शेपूट घेऊन. शनिवारी बिभीषण मुकादम ऊसतोडीची माणसं न्यायला जीप घेऊन आला. त्याला भामाबाईने चहा दिला आणि रिकाम्या जीपने परत धाडलं.

आता मी अर्धा आहे, धुळाजीच्या खोपटात खिळ्याला लटकलोय. रोज उजाडताच तो काठावर जाऊन बसतो, मरळ हवा घ्यायला वर येईपर्यंत. मग घरी येऊन एवढंच सांगतो, “हाय.” आणि भामाबाई चुलीवर आधण ठेवते.

लोक येतात, मला पाहतात, पुन्हा एकदा टाकून बघू म्हणतात. मला हात असते तर त्यांच्यापुढे जोडले असते. मी अर्धा असलो तरी अजून तरंगतो, आणि ती मरळ अजून भोळी आहे. तलावात दुसरा मासा येईपर्यंत कृपा करून मला पाण्यात टाकू नका.