सुभेदारांचा पहिला घास

देवीदासकाका गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत 'दोन शब्द' बोलायचा मान मला मिळाला. घरात मी सर्वांत बोलघेवडा, आणि कामाच्या नावाने शंख.

मदन महल मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात खुर्ची म्हणून उरली नव्हती. निवृत्त सुभेदार, पण कोणी काही मागितलं की ताबडतोब शरणागती. मी मोहल्ल्यातून खुर्च्या मागून आणल्या. बघतो तर एकूण एक खुर्चीच्या पाठीवर, फौजी पद्धतीने पांढऱ्या रंगात काकांचंच नाव. मी हसलो नाही. माझ्या घरच्या मिक्सरवरही तेच आहे.

भाषण दणक्यात झालं. 'काका म्हणजे त्याग' म्हणताना मी स्वतःच दोनदा गहिवरलो. लोक भाताच्या पातेल्याकडे बघत होते.

पार्वताकाकूंची चिंता मात्र खरी होती. त्यांची नजर कधीचीच गेलेली, आणि काका गेल्यापासून त्या नुसत्या चहावर होत्या. आज हट्टाने वांग्याची भाजी स्वतः केली, पण ताट वाढल्यावर हात मांडीवरच.

"काकू, घ्या न दोन घास. काहून असं करून राहिल्या?"

"कोणी चाखलंच नाही, सुगत."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. फौजेत जवानांच्या आधी साहेब जेवण चाखतात. काका घरीही तेच करायचे. काकूंच्या ताटातला पहिला घास घ्यायचे, ताठ उभे राहायचे आणि रिपोर्ट द्यायचे, 'खाना ठीक है, मेमसाब!' मग काकू जेवायच्या. एवढ्या लांबलचक भाषणात नेमकं हेच सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मी उभा राहिलो. पोट आत ओढलं, ते आलं नाही. सलाम ठोकताना कोपर कपाटावर आपटलं. घास तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं.

"खाना ठीक है, मेमसाब!" मी खच्चून ओरडलो. बाहेरची जेवणारी माणसं थांबली.

काकूंनी मान वर केली.

"मीठ जास्त झालं न?"

"नाही हो, एकदम बरोबर."

"मग एवढ्या जोरात काहून ओरडला? मीठ बिघडलं की तुहे काका बी असेच ओरडत."

मला हसू आलं आणि रडूही. काकूंनी ताट जवळ ओढलं, चाचपत पोळीचा तुकडा मोडला आणि जेवू लागल्या.