आठ बिया आणि एक लांबलचक चिठ्ठी

मी एक जुना जाड कागद आहे. रद्दीतला समजू नका, मला राग येईल. माझ्या अंगावर एक वाळलेले रोपटे दोऱ्याने टाचलेले आहे, खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटी पुडी. वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, गेली बासष्ट वर्षे मी याच खणात पडून आहे. तरीही सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ आहे.

माझ्यावरचे रोपटे जेमतेम बोटभर उंचीचे. त्याचे शास्त्रीय नाव मात्र एवढे मोठे, की उच्चारताना दम लागावा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! ते आणले एका नर्सबाईंनी. दवाखान्याला सुट्टी असली की त्या वीटभट्टीमागच्या तळ्यावर जात, झाडे गोळा करत आणि घरी वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवत. वजन कमी पडले, की सासूबाईंना हाक मारत.

"आई, जरा बसा ना यावर. तुम्ही बसलात की कसं छान चपटं होतं."

"बसते बाई. या घरात माझा तेवढा तरी उपयोग!" असे म्हणून सासूबाई जपमाळेऐवजी विणकाम घेऊन त्या घड्यांवर तासभर बसत.

रोपटे वाळल्यावर नर्सबाईंनी ते माझ्यावर टाचले. गळून पडलेल्या आठ बिया, मोहरीपेक्षाही बारीक, पुडीत घातल्या. मग चिठ्ठी लिहायला घेतली. इतर लोक चिठ्ठीत झाडाचे नाव, जागा आणि तारीख लिहितात आणि मोकळे होतात. आमच्या बाईंनी चांगल्या सात ओळी भरल्या! मला त्या चिठ्ठीचा फार अभिमान वाटायचा.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. विद्यार्थी भिंग घेऊन यायचे. "काय सुरेख वाळवलंय!" म्हणायचे. पुढे येणारे कमी झाले. खणाबाहेरचा उजेड महिनोन्‌महिने दिसेना. शेजारच्या कागदाचा कोपरा कसरीने खाल्ला, तेव्हा माझी तर झोपच उडाली.

मग संगणक आला. संग्रहालय सांभाळणाऱ्या काकांना सगळे 'कपाटकाका' म्हणतात. प्रत्येक कागदावरची माहिती संगणकात भरण्याचे काम त्यांच्याकडे आले. कागद होते चौदा हजार. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "केवढं हे पाल्हाळ!" नाव, जागा, तारीख एवढे टिपून त्यांनी मला परत खणात सरकवले. बाईंच्या बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. मला फार वाईट वाटले, पण सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

काही वर्षांपूर्वी एक संशोधक ताई आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. माझ्यावरचे रोपटे त्या तळ्यावरून नाहीसे झाले होते. दुसरीकडे ते कधी सापडलेच नव्हते. ताईंनी चार वर्षे काठ पिंजून काढला होता. आता जगात या झाडाच्या बिया फक्त माझ्या पुडीत उरल्या होत्या. एवढ्या जुन्या बिया कधीकधी उगवतात, हे त्यांना ठाऊक होते. कधीकधी म्हणजे फार क्वचित, हेही ठाऊक होते.

"पाच देईन. तीन इथेच राहतील," कपाटकाका म्हणाले. "आणि ताई, नियम सांगतो. जगो वा मरो, नेलेलं परत आणून द्यायचं."

ताईंनी मान डोलावली आणि पाच बिया काचेच्या चिमुकल्या डबीतून नेल्या.

मित्रांनो, ते पाच महिने मी कसे काढले ते माझे मला माहीत. एक दिवस खण उघडला. ताईंच्या हातात तीच डबी होती.

"घ्या काका, तुमचा नियम," त्या म्हणाल्या. "पाणकाठचं झाड म्हणून सारखं ओलं ठेवलं. गार ठेवलं. जिवापाड जपलं हो. एकीनंही डोळा उघडला नाही. मेल्या बहुतेक."

काकांनी मला टेबलावर ठेवले. पुडी उघडण्यासाठी चष्मा चढवला. ताईंच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून असेल, त्यांची नजर चिठ्ठीवर गेली आणि ते पहिल्यांदाच ती पूर्ण वाचू लागले. चौथ्या ओळीला त्यांचा हात थांबला.

"ताई, हे वाचलंत का तुम्ही?"

"चिठ्ठी? संगणकावर वाचली की."

"संगणकावर नाही ते. मी भरलंच नाही." त्यांनी मोठ्याने वाचले. "'तळ्याची एक बाजू पार आटली होती. माती तडकून तव्यासारखी तापली होती, माझे पाय पोळले. सासूबाई म्हणाल्या, आता इथे काय उगवणार? पुढच्या महिन्यात पाणी परत आले आणि आठ दिवसांत भेगाभेगांतून हीच रोपटी वर आली. ओल्या बाजूला मात्र एकही नाही.'"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक माझी आहे, ताई," काका म्हणाले. "मला वाटलं, पाल्हाळ आहे. चार वर्षं तुमची पायपीट झाली माझ्यापायी."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी डबी पुन्हा मुठीत घेतली. "काका, त्या तळ्याला आता बारा महिने काठोकाठ पाणी असतं. शोभेसाठी. ते आटतच नाही! म्हणून गेलं ते झाड. आणि मीही त्याला इथे नुसतं भिजवत बसले. या बिया मेलेल्या नसतील. त्यांना अजून उन्हाळाच भेटलेला नाही."

पुढचे मला काकांच्या तोंडून कळले. त्यांना माझ्याशी बोलायची सवय लागली आहे. ताईंनी बिया कोरड्या मातीत मिसळून पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि डबा सहा आठवडे गच्चीवर उन्हात तापवला. मग माती भिजवली. नवव्या दिवशी दोन हिरवे ठिपके दिसले. पाचांतल्या दोनच, पण दोन! ताईंनी त्यांना निरनिराळ्या कुंड्यांत वाढवून पाहिले. पाणी भरपूर तिथे पाने रुंद आली, पाणी बेताचे तिथे अरुंद आणि जाड. अंथरूण पाहून पाय पसरणे त्या रोपट्यांना कुणी शिकवले नव्हते. ते त्यांच्या रक्तातच होते.

दोन रोपांना फुले आली, बिया आल्या. मग ताई तळ्याचे पाणी सांभाळणाऱ्या इंजिनिअरसाहेबांकडे गेल्या. एक कोपरा बांध घालून दर उन्हाळ्यात आटू द्या, म्हणाल्या.

"लोक ओरडतील हो, तळं कोरडं का म्हणून," साहेब म्हणाले.

"ओरडू देत. मी तिथे उभी राहून सांगेन."

आणि आटलेल्या कोपऱ्यात नव्या बिया पेरून त्या खरेच तिथे उभ्या राहिल्या, दोन उन्हाळे.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. कुणी जीव लावून काही लिहून ठेवले असेल, तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कामाचे काय आणि बिनकामाचे काय, हे आज ठरवायची घाई करू नका. आणि झाड जपायचे असेल, तर आधी ते कसे जगते ते विचारा. आपल्याला गार बरे वाटते म्हणून त्यालाही वाटेल असे नाही. कपाटकाका आता सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा भरत आहेत. अजून नऊ हजार बाकी आहेत.

परवा ताई आल्या. काकांनी मला बाहेर काढले आणि पुडीला हात लावत विचारले, "उरलेल्या तीन न्यायच्या आहेत ना? परवानगी आली आहे."

ताई हसल्या. त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते.

"राहू देत, काका. आता नाही लागायच्या. तळ्यावर मी काल मोजायला बसले होते. दोनशेपर्यंत रोपटी मोजली आणि मग सोडून दिलं."